डोळे दिपवणे म्हणजे छायालेखन?

'सर्वोत्कृष्ट छायालेखन' हा गौरव नेमका कशाचा? २०१० साली ऑस्कर मिळाले 'अवतार'च्या मॉरो फिओरे यांना. अमेरिकेतील छायालेखकांच्या संघटनेने मात्र त्याच वर्षी 'द व्हाइट रिबन'च्या ख्रिस्तियान बर्गर यांना गौरविले होते. 'अवतार' संगणकावर घडला म्हणून अपात्र, हा आक्षेप पोकळ आहे. 'द व्हाइट रिबन'ही रंगीत फिल्मवर चित्रित होऊन संगणकावरच कृष्णधवल झाला. खरी मेख मतदानात आहे. ऑस्करची नामांकने छायालेखक ठरवतात. अंतिम कौल मात्र अकादमीच्या सर्व शाखांचे सदस्य देतात. मग नेत्रदीपकता हाच निकष उरतो आणि बर्गर यांनी दिव्याच्या मंद उजेडाभोवती जपलेला अंधार कोणी हिशेबातच धरत नाही. केवळ यमकावरून कविता जोखणाऱ्याला आपण समीक्षक म्हणू काय?