नाझर मेला, आतां जबाब कोणी द्यावयाचा?

कोर्टाची पायरी ज्यानें झिजविली नाहीं असा शेतकरी आमच्या मुलखांत विरळा. बांधाचा तंटा असो, भाऊबंदकीच्या वाटणीचा असो, सावकाराच्या खताचा असो. भाकरी फडक्यांत बांधून तालुक्याला जावें, झाडाखालीं बसावें, पट्टेवाल्यानें नांवाचा पुकारा केला कीं पागोटें सांवरून आंत शिरावें आणि पुढची तारीख घेऊन घरीं यावें, हा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ आहे. कचेरींतले कामगार अडाणी कुणब्याला कसे नागवितात हें जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून चव्हाट्यावर मांडलें. पण तो दारांत उभा राहून पुकारा करणारा पट्टेवाला, साहेबाच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवणारा शिपाई, कोर्टाचें आंगण झाडणारा झाडूवाला, यांच्याकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. तींही आपल्याच घरचीं माणसें आहेत. जमीन पुरेना म्हणून एक भाऊ औताला राहिला आणि दुसरा पट्टा बांधून कोर्टांत लागला, इतकाच काय तो फरक.

आजची हकीकत अशाच शिपायांच्या पैशाची आहे. ती आपल्याकडची नव्हे. दिल्लीला लागून असलेल्या उत्तर प्रदेशांतील गाझियाबाद जिल्हा कोर्टाची आहे. परंतु चपराशाचा पैसा सगळीकडे सारखाच घामाचा असतो, म्हणून ती आमच्या वाचकांस सांगतों.

सरकारी नोकराच्या पगारांतून दरमहा कांहीं रक्कम कापून ठेवतात. त्याला भविष्यनिर्वाह निधि म्हणतात. शिपाई त्याला नुसता ‘फंड’ म्हणतो. मुलीचें लग्न निघालें, घराचें आढें मोडलें, बायको आजारी पडली कीं तो अर्ज करतो व आपलेच पैसे आपण मागून घेतो. यांत एक मेख आहे ती नीट ध्यानांत ठेवावी. बड्या नोकरांच्या फंडाचा हिशेब महालेखापालाच्या दप्तरीं राहतो. चौथ्या वर्गाच्या शिपायाचा हिशेब मात्र त्याच्या स्वतःच्याच कचेरींत राहतो. ज्याच्या हाताखालीं तो राबतो त्याच्याच हातीं त्याची थैली!

गाझियाबादच्या कोर्टांत ही थैली सांभाळणारा नाझर होता आशुतोष अस्थाना. २००१ पासून २००८ पर्यंत तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाच्या नोकरांच्या नांवें फंडांतून पैसे काढल्याचे खोटे अर्ज होत राहिले. त्यांतले कित्येक अर्ज अशांच्या नांवानें होते, कीं ज्यांनीं त्या कोर्टांत कधीं नोकरीही केली नव्हती. अर्ज तयार होई, मंजुरीची सही होई, कोषागारांतून पैसा बाहेर पडे. सुमारें सात वर्षांत साडेसहा-सात कोटी रुपये असे गेले. शिपायाला पत्ता नाहीं. आणि नाझर कितीही हुशार असला तरी मंजुरीची सही नाझराची नसते. ती वरच्या खुर्चीची असते.

फेब्रुवारी २००८ मध्यें ही चोरी बाहेर पडली. ती बाहेर काढणारी व्यक्तिही न्यायाधीशच होती, हें आम्ही मुद्दाम लिहितों. रमा जैन या न्यायाधीशबाईंकडे त्या कोर्टाच्या दक्षतेचें काम होतें. त्यांनीं कागद पाहिले आणि फिर्याद नोंदविली. आपल्याच वाड्यांतला चोर दाखवून देण्यास छाती लागते. ती त्या बाईंनीं दाखविली, याबद्दल त्या शिपायांच्या बायकापोरांनीं त्यांना दुवा दिला असेल.

नाझराला त्याच सालीं अटक झाली आणि त्यानें मॅजिस्ट्रेटपुढें कबुलीजबाब दिला. पैसा मी एकट्यानें खाल्ला नाहीं, असें तो म्हणाला. न्यायाधीशांच्या घरीं सामानसुमान, किराणा, फर्निचर, मोबाइल फोन, मोटारींचें भाडें या रूपानें तो पैसा गेला, असा त्याचा जबाब वर्तमानपत्रांत छापून आला. नांवें किती? ३६ न्यायाधीशांचीं! त्यांत जिल्ह्याचे होते, उच्च न्यायालयाचे होते, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ही यादी पोहोंचली होती. आम्ही येथें एकही नांव लिहीत नाहीं. आरोपीचा जबाब म्हणजे पुरावा नव्हे. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला धरतो, हें आम्हांसही कळतें. नाझर खोटें बोलला असेल, अर्धें खरें बोलला असेल, सारें खरें बोलला असेल. तें ठरविण्याचा मार्ग एकच: त्याला पिंजऱ्यांत उभा करावा, ज्यांचीं नांवें त्यानें घेतलीं त्यांच्या वकिलांनीं त्याची उलटतपासणी करावी, आणि सारा गांव ऐकत असतां खऱ्याखोट्याचा निवाडा व्हावा.

असें झालें नाहीं. आधीं काय झालें तें पहा. पोलिसांना न्यायाधीशांस प्रश्न विचारावयाचे होते. मग सरन्यायाधीशांची परवानगी मागण्यांत आली. आणि ती मिळाली ती अशी, कीं प्रश्न लिहून पाठवावे, उत्तरें लिहून येतील. वाचकहो, तुमच्यापैकीं कोणाच्या घरावर कधीं पोलीस आले असतील तर आठवून पहा. त्यांनीं तुम्हांला प्रश्नपत्रिका पाठविली होती काय? कोंबडी चोरल्याच्या संशयावरून पारध्याच्या पोराला चावडीवर नेतात तेव्हां ‘सवडीनें लेखी उत्तर पाठवावें, ही विनंति’ असा कागद त्याच्या हातीं देतात काय? शिपायाचा फंड चोरीला गेला तर शिपायालाच आधीं दमदाटी होते. आणि ज्यांच्या घरीं तो पैसा गेल्याचा आळ आहे त्यांस शाई, दौत, टांक आणि पाहिजे तितका वेळ!

पुढें ओरड झाली व सप्टेंबर २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा तपास सी.बी.आय.कडे सोंपविला. नाझर डासना तुरुंगांत होता. वर्ष उलटलें. १७ ऑक्टोबर २००९, शनिवार, दिवाळीचा दिवस. त्या दिवशीं नाझर तुरुंगांत मेला.

घरच्यांनीं सांगितलें, त्याला विष घातलें. शवचिकित्सेंत मृत्यूचें कारण उमगलें नाहीं म्हणून आंतडीं तपासणीसाठीं राखून ठेवण्यांत आलीं. आणि त्या दिवसापासून गाझियाबादच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर जी कुजबूज सुरू झाली ती आजवर थांबलेली नाहीं.

आतां शहाणे लोक पुढें येतात आणि म्हणतात, ‘लोकांना संशयाचें व्यसनच लागलें आहे. माणूस मेला कीं यांना खून दिसतो.’ आम्ही या शहाण्यांना विचारतों, संशय हा लोकांच्या डोक्यांत आपोआप उगवतो काय? शेतांत तण माजलें तर मातीला दोष देतां, कीं ज्यानें वेळेवर कोळपणी केली नाहीं त्याला? नाझर कशानें मेला हें आम्ही सांगूं शकत नाहीं. तो हृदय बंद पडून मेला असेल. परंतु त्याच्या मरणानें कोणाची सोय झाली हें सांगावयाला डॉक्टर लागत नाहीं. कायदा असा आहे कीं, मेलेल्या आरोपीवरचा खटला तेथेंच संपतो. आणि एका आरोपीचा कबुलीजबाब दुसऱ्या आरोपीविरुद्ध विचारांत घ्यावयाचा तर दोघांवर एकत्र खटला चालला पाहिजे. मेलेला माणूस पिंजऱ्यांत उभा राहत नाहीं, त्याची उलटतपासणी होत नाहीं. जिवंत नाझराचा जबाब म्हणजे धारदार विळा. मेलेल्या नाझराचा जबाब म्हणजे गंजलेलें पातें.

दुसरीही एक बाजू आहे, आणि ती कोणी बोलत नाहीं. त्या ३६ नांवांत निर्दोष माणसें असतील. नाझरानें सूड म्हणून, किंवा आपली सुटका व्हावी म्हणून, त्यांना ओढलें असेल. त्यांचेंही या मरणानें नुकसानच झालें. जो खरोखर स्वच्छ होता त्याला आपली स्वच्छता भर कोर्टांत सिद्ध करण्याची संधि गेली. तो आतां जन्मभर ‘नाझराच्या यादींतला’ म्हणून राहणार. चोर आणि साव दोघांच्याही अंगावर एकच चिखल. म्हणून म्हणतों, हा संशय दडपून कोणाही भल्या माणसाचें भलें होत नाहीं.

तुरुंगांत माणूस मेला तर न्यायदंडाधिकाऱ्यानें त्याची चौकशी केलीच पाहिजे, असें २००५ च्या दुरुस्तीनें कायद्यांत घातलें. कायदा चांगला आहे. पोलिसांनीं मारलें तर पोलिसांनींच चौकशी करूं नये हा त्याचा हेतु. पण कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नांतही आलें नसेल कीं एखाद्या वेळीं आळ पोलिसांवर नसून न्यायाधीशांवर असेल, आणि ज्या जिल्ह्याच्या वरिष्ठांवर आळ, त्याच जिल्ह्यांतल्या कनिष्ठाला चौकशीस बसावें लागेल. सासूच्या चोरीचा पंच सुनेला नेमलें तर ती बिचारी काय निवाडा देणार?

याचें मूळ जुनें आहे. मद्रास हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश के. वीरास्वामी यांच्यावर मिळकतीपेक्षां जास्त माया जमविल्याबद्दल १९७६ सालीं गुन्हा नोंदला गेला. अशा माणसावर लांचलुचपतीचा खटला भरतां येतो कीं नाहीं, एवढ्याच वादांत पंधरा वर्षें गेलीं. १९९१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, होय, न्यायाधीशही सरकारी नोकरच आहेत, त्यांनाही तो कायदा लागू आहे. मात्र सरन्यायाधीशांचा सल्ला घेतल्यावांचून उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशावर फौजदारी गुन्हा नोंदवूं नये. हेतु काय सांगतात, तर सरकारनें न्यायाधीशांना धाक घालूं नये. हेतु आम्हांस मान्य आहे. सरकारच्या धाकांतला न्यायाधीश आमच्या काय कामाचा? पण कुंपण घातलें तें बाहेरचा बैल शिरूं नये म्हणून. आंतल्या बैलानें पीक खाल्लें तर त्याला हांकलावयाची वाट कोणी ठेवली आहे काय?

आपल्या महाराष्ट्रांतही एका न्यायाधीशाच्या मरणावरून असाच गलबला झाला, तो वाचकांस आठवत असेल. मुंबईच्या सी.बी.आय. कोर्टाचे न्यायाधीश लोया हे १ डिसेंबर २०१४ रोजीं नागपुरांत वारले. लग्नासाठीं गेले होते. त्यांच्यावर स्वतःवर कसलाही आळ नव्हता, हें आधीं स्पष्ट करूं. तीन वर्षांनीं त्यांच्या मरणाविषयीं शंका छापून आल्या. १९ एप्रिल २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें मरण नैसर्गिक ठरवून स्वतंत्र चौकशीची मागणी फेंटाळली. निकाल आहे तसा आम्ही मानतों. पण बरोबर असलेल्या चार न्यायाधीशांच्या लेखी म्हणण्यावर भिस्त ठेवली गेली, त्यांची उलटतपासणी नाकारली गेली, आणि नेमक्या त्याच फटींतून लोकांचा संशय पुन्हां डोकावत राहिला. साध्या माणसाची साक्ष उलटतपासणीवांचून पक्की मानीत नाहींत. मग मोठ्या माणसाची साक्ष तपासली तर त्याची अब्रू जाते कीं वाढते?

कोणी म्हणेल, यांत ब्राह्मणेतरांचा काय प्रश्न? जातीमुळें कोणी लांच खातो असें आम्ही म्हणत नाहीं. लांचेला सोंवळेंओंवळें नसतें. पण २०१८ ते २०२२ या काळांत उच्च न्यायालयांत नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांत मागासवर्गीय शेंकडा ११, अनुसूचित जातींचे शेंकडा तीनही नाहींत, अनुसूचित जमातींचे शेंकडा दीडही नाहींत, असें सरकारनेंच सांगितलें. ज्या घराच्या माजघरांत आपलें कोणी नाहीं त्या घरांत काय शिजतें तें आपणांस वासावरूनच ओळखावें लागतें. आपण आहोंत दारांत, पट्टा बांधून, पुकारा करीत. आणि फंडही आपलाच चोरीस जातो.

२०१० सालीं सी.बी.आय.नें ७८ जणांवर आरोपपत्र ठेवलें. त्यांत माजी न्यायाधीश सहा, कांहीं जिल्ह्याचे व कांहीं उच्च न्यायालयाचे. नाझरानें ३६ सांगितले, आरोपपत्रांत सहा आले. बाकीचे तीस खरोखर निर्दोष होते, कीं नाझर मेल्यामुळें ते सुटले, हें कोण सांगणार?

आमचे जे वाचक अथवा त्यांचे भाऊबंद कोर्टांत, मामलेदार कचेरींत, सरकारी शाळेंत वा दवाखान्यांत १ नोव्हेंबर २००५ च्या आधींपासून चौथ्या वर्गांत लागलेले आहेत, त्यांना एक सांगणें आहे. दरवर्षीं आपल्या फंडाचा उतारा लेखी मागून घ्या. मुलगा शाळेंत जात असेल तर त्याच्याकडून रकमा मांडून घ्या. पगारपत्रकावरची कपात आणि उताऱ्यावरची जमा ताडून पहा. आपण न केलेल्या अर्जाची रक्कम खर्चीं पडलेली दिसली तर त्याच दिवशीं लेखी तक्रार करून पोंच घ्या. ‘साहेब रागावतील’ म्हणून गप्प राहूं नका. गाझियाबादच्या शिपायांनीं सात वर्षें उतारा पाहिला नाहीं.