फुकट नव्हे, अटीवर दिलेले

‘ज्यांनी आपला कोड उघड्यावर ठेवला, त्यांनी तो कोण उचलतो याची तक्रार करू नये,’ असे एका सद्गृहस्थांनी सॉफ्टवेअर उद्योगाच्या बैठकीत ठणकावून सांगितले आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ओपन सोर्स म्हणजे फुकट, त्याची लायसन्स कोर्टात टिकत नाहीत, चूक झालीच तर ती चिप पुरवणाऱ्याची, सोर्स कोड मागणारा ग्राहक औषधालाही सापडत नाही, आणि अटींचा फार आग्रह धरला तर कंपन्या ओपन सोर्सकडे पाठ फिरवतील. अधिकारपदावरचा माणूस असे बोलतो, तेव्हा त्याच्या हाताखालचे इंजिनिअर तेच शिकतात. म्हणून हे खोडून काढणे भाग आहे.

सगळ्या गैरसमजांचे मूळ पहिल्या मुद्द्यात आहे. लिनक्स कर्नल ज्या लायसन्सखाली मिळतो, ती जीपीएलची (जनरल पब्लिक लायसन्स) 1991 सालची दुसरी आवृत्ती. ती पैसे मागत नाही, मोबदला मात्र मागते. कर्नल आपल्या कंपनीत वापरा, हवा तसा बदला, कोणी विचारणार नाही. पण तो राउटरमध्ये किंवा टीव्हीत घालून विकलात, तर आपल्या बदलांसकट त्याचा पूर्ण सोर्स कोड ग्राहकाला द्या, किंवा निदान तीन वर्षे मागेल त्याला तो देण्याचे लेखी वचन द्या. हीच त्या कोडची किंमत. ती चुकवली की त्याच लायसन्सनुसार कॉपी करण्याचा आणि वितरणाचा हक्क आपोआप संपतो; पुढे विकलेला प्रत्येक नग कॉपीराइटचा भंग ठरतो. हजारो प्रोग्रामरांचे वर्षानुवर्षांचे काम घ्यायचे, त्यावर नफा कमवायचा आणि मागितलेली एकमेव गोष्ट द्यायची नाही, याला फुकटचा लाभ म्हणत नाहीत, बुडवेगिरी म्हणतात. हेच वक्ते आपल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक प्रत विनापरवाना वापरणाऱ्याला वकिलाची नोटीस धाडतील. दोन्हीकडे कायदा एकच आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’तच मोडतो आणि त्यात छोट्या-मोठ्या लेखकांसाठी वेगवेगळी कलमे नाहीत.

बुडवेगिरीचा आणखी एक प्रकार आहे, आणि मला त्याची चीड जास्त येते : कोड दिल्याचे नाटक. घरातल्या एका उपकरणाचा सोर्स कोड मी त्याच्या कंपनीकडे मागितला. बऱ्याच पाठपुराव्यानंतर एक झिप फाइल आली. आत कर्नल होता, पण नेटवर कोणालाही मिळतो तसाच, कोरा. कंपनीने केलेला एकही बदल त्यात नव्हता. कर्नल कसा बांधला हे सांगणारी कॉन्फिग फाइल नव्हती, बिल्ड स्क्रिप्टही नव्हत्या. त्यातून त्या उपकरणाचे फर्मवेअर ब्रह्मदेवालाही बांधता आले नसते. जीपीएलच्या मजकुरात स्वच्छ लिहिले आहे की, कंपाइल आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्ट हा सोर्स कोडचाच भाग आहे. तो भाग न देता नुसती फाइल पाठवून देणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ लागत नाही. कोर्टात टिकत नाही? म्युनिकच्या न्यायालयाने 2004 मध्येच जीपीएल मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला. अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने 2008 मध्ये खेळण्यातल्या रेल्वेच्या एका सॉफ्टवेअरच्या खटल्यात ओपन सोर्स लायसन्सच्या अटी कॉपीराइटच्या बळावर बजावता येतात असे स्पष्ट केले.

चूक पुरवठादाराची? आणि ग्राहकच नाही म्हणता? या दोन्हींचे उत्तर लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी या राउटरने देऊन ठेवले आहे. तो 2002 च्या अखेरीस बाजारात आला. आत लिनक्स आहे हे लोकांनीच शोधून काढले आणि कोड मागितला. तेव्हा सिस्कोने लिंक्सिस नुकतीच विकत घेतली होती. चिप एकाची, फर्मवेअर दुसऱ्याचे, पण उत्तर द्यावे लागले ते विकणाऱ्यालाच. 2003 मध्ये कोड बाहेर आला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचे ओपन सोर्स फर्मवेअर उभे राहिले. पुढे कंपनीने या राउटरमधून लिनक्स काढला, तेव्हा हौशी ग्राहकांसाठी लिनक्सचे वेगळे मॉडेल तिला बाजारात आणावे लागले. ज्यांना ग्राहक दिसत नाही, त्यांनी हा इतिहास वाचावा.

राहता राहिला कंपन्या पाठ फिरवतील हा धाक. जीपीएलला हात लावला की कंपनीचा सगळा कोड उघडा पडेल, ही भीती वीस वर्षांपूर्वीही दाखवली जात होती आणि तेव्हाही ती खोटीच होती. सिस्टिम कॉलमधून कर्नलच्या सेवा घेणारा स्वतंत्र प्रोग्राम जीपीएलखाली येत नाही, हे कर्नलच्या लायसन्स फाइलमध्येच लिहिलेले आहे. खटल्यांच्या धाकाने पैसे उकळणारेही निघाले, हे खरे. त्यावर कर्नलच्या अनेक प्रोग्रामरांनी 2017 मध्ये जाहीर केले की, पहिल्यांदा चुकणाऱ्याने नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत चूक सुधारली तर त्याचा हक्क परत मिळेल. यापेक्षा मोठे मन कोणते?

मग करायचे काय? फर्मवेअरची प्रत्येक आवृत्ती निघेल त्याच दिवशी तिचा सोर्स कोड आणि बिल्ड स्क्रिप्ट जपून ठेवा. ती बनवणाऱ्या टीमबाहेरच्या एखाद्या इंजिनिअरला कोऱ्या मशीनवर त्यातून फर्मवेअर बांधून पाहू द्या. बांधता आले नाही तर माल बाहेर जाऊ देऊ नका. पुण्यात परदेशी कंपन्यांसाठी असे फर्मवेअर लिहिणारे कितीतरी मराठी इंजिनिअर आहेत. ‘थांबा, कोड पूर्ण नाही’ असे सांगण्याचा अधिकार त्यांना मिळालाच पाहिजे. आणि चिप किंवा तयार बोर्ड विकत घेणाऱ्यांनी खरेदीच्या करारात एक कलम घालावे : बांधता येणारा पूर्ण सोर्स कोड हाती आल्याशिवाय पुरवठादाराला शेवटचा हप्ता मिळणार नाही.