भागीदार कोणास म्हणावे?

मानकोली नाक्याच्या आसपास जिकडे पाहावे तिकडे गोदामे दिसतात. 2017 साली जकात उठली आणि मुंबईच्या वेशीबाहेर माल साठविण्याचे एक मोठे कारण गेले. तरीही ही गोदामे ओस पडली नाहीत, घरबसल्या माल मागविणाऱ्या गिऱ्हाइकाने ती वाढविलीच. अशा गोदामांतून निघालेले पुडके शेवटी ज्याच्या दुचाकीवरून आपल्या दाराशी येते, त्यास पुष्कळ कंपन्या 'डिलिव्हरी पार्टनर', म्हणजे भागीदार, असे म्हणतात. भागीदारी म्हणजे काय, हे आमच्या व्यापारी वाचकांस शिकवावयास नको. म्हणूनच हा प्रश्न आम्ही त्यांच्यापुढे ठेवतो.

1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार करणारे ते भागीदार. निराळा करार नसेल तर नफातोटा सारखा वाटावयाचा, आणि प्रत्येकास पेढीच्या वह्या पाहण्याचा अधिकार. चाकरास वेतनादाखल नफ्याचा अंश दिला, तरी तेवढ्याने तो भागीदार होत नाही, असे सहावे कलम बजावते. मग ज्यास नफ्याचा अंशही नाही, त्याची काय कथा? दर कंपनीने ठरवावा, काम तिनेच नेमावे किंवा बंद करावे. पेट्रोल, टायर आणि स्वतःचे हातपाय मात्र याचे. वह्या तर त्याने स्वप्नातही पाहिल्या नसतील!

वाटेल तेव्हा काम करण्याची मुभा त्यास आहे, असे कंपन्या सांगतात. असेल, परंतु मुभा म्हणजे भागीदारी नव्हे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली 'उबर'च्या चालकांस कामगारच ठरविले. आमच्याकडेही 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा लोकांस 'गिग कामगार', 'प्लॅटफॉर्म कामगार' ही नावे देऊन त्यांच्या निधीसाठी कंपन्यांच्या उलाढालीतून अंशदान घेण्याची तरतूद केली.

आणि 'माथाडी' हा शब्द पाहा. त्यात मोठेपणाचा लवलेश नाही. डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. पण 1969 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्या नावाखाली नोंदलेल्या हमालास मंडळ मिळाले, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. दुचाकीवाल्याचे नाव उंची, पण रस्त्यात त्याचा पाय मोडला तर त्या नावाच्या बळावर तो कोणापाशी काय मागणार?

भिवंडीतील ज्या व्यापाऱ्यांच्या करारपत्रांत हा शब्द शिरला असेल, त्यांनी तो काढून तेथे 'कामगार' लिहावे. 'भागीदार'च ठेवावयाचा असेल, तर येत्या पाडव्यास वही त्याच्यापुढे उघडावी.