नाताळचा गोड चित्रपट आणि न सापडलेले पैसे

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात कोल्हापुरातील मध्यमवर्गीय घरांत अलीकडे एक नवा कुळाचार रुजला आहे. नाताळची सुट्टी असते, पुण्या-मुंबईकडे नोकरीस गेलेली मुले चार दिवसांसाठी परतलेली असतात, हवेत गारठा असतो. आणि रात्रीची जेवणे आटोपली की सारे घर पांघरुणे घेऊन दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसते. ज्यांचा हा खरा सण आहे त्या ख्रिस्ती कुटुंबांत, चर्चमधील उपासना आणि फराळाची देवघेव झाल्यावर, हेच घडते. चित्रपटही ठरावीक वळणाचा निवडला जातो. त्यात रुसलेली माणसे शेवटी एका पंगतीस बसतात, अडलेले लग्न पार पडते, आणि अंथरुणावर पडताना पाहणाऱ्याच्या मनाला बरे वाटते.

चळवळीतील माणसांना अशा करमणुकीचा तिटकारा वाटतो, ही जुनी खोड आहे. वास्तवापासून पळ काढण्याची वाट, असा एक शेरा मारला की विषय संपला असे त्यांना वाटते. पण आठवडाभर राबलेल्या माणसाने तीन तास आपल्या माणसांत बसून हसावे, यात अपराध कोणता? आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही कामगार चळवळीचीच मागणी होती. त्या तिसऱ्या आठ तासांत कामगाराने फक्त पक्षाची पत्रके वाचावीत, असे कोणी ठरविले नव्हते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हा खरा घाव पडला तो या घरातल्या वेळेवरच. ज्याला कुटुंबासमवेत चित्रपट पाहण्याइतकी सवड उरत नाही, त्याला सभेला येण्याइतकीही उरणार नाही. तेव्हा तुच्छता बाजूस ठेवून, पडद्यावर जे चालले आहे ते घरच्यांबरोबर बसून नीट पाहावे, हेच शहाणपणाचे.

मराठी घरांत पुन्हापुन्हा लावला जाणारा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. १९८८ सालच्या या चित्रपटात पुण्यात भाड्याने राहायला जागा मिळेना म्हणून दोन धडधाकट तरुणांना साड्या नेसून बायका बनावे लागते, कारण घरमालकीण फक्त जोडप्यांनाच खोल्या देणार असते. तीन पिढ्या एकत्र बसून पोट धरून हसतात. आणि हसावेच, चित्रपट उत्तमच आहे. परंतु नोकरीसाठी शहरात आलेल्या माणसाला साधी खोली मिळू नये हा त्या सगळ्या गमतीचा पाया आहे, आणि तो पाया आजही ढळलेला नाही.

पाश्चात्त्य देशांत नाताळला घरोघर पाहिला जातो तो फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. १९४६ च्या डिसेंबरमध्ये तो न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखविला गेला. आता तो कोल्हापुरातील इंग्रजी जाणणाऱ्या घरांतही पोचला आहे. त्याची कथा पतसंस्थेच्या या जिल्ह्याला परकी वाटू नये. एका लहान गावात जॉर्ज बेली नावाचा गृहस्थ वडिलांची छोटी गृहकर्ज संस्था चालवितो. मोलमजुरी करणाऱ्यांना तो हप्त्यांवर घरे बांधून देतो. पॉटर नावाच्या धनाढ्याला सारे गाव आपल्या मुठीत हवे असते, आणि ही एकच संस्था त्याच्या आड येते. बेलीच्या लग्नाच्या दिवशीच घाबरलेले ठेवीदार पैसे काढण्यासाठी दारात गर्दी करतात. नवरा-नवरी मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर काउंटरवर ठेवून ज्याला जेवढे अत्यावश्यक तेवढेच वाटतात. संध्याकाळी दार बंद होते तेव्हा संस्थेत दोन डॉलर उरलेले असतात. पैसा तिजोरीत नाही, तो शेजाऱ्याच्या घरात आहे, हे बेली त्या गर्दीला ज्या रीतीने समजावून सांगतो, तसे सहकाराच्या प्रशिक्षण शिबिरातही क्वचितच ऐकावयास मिळते.

अमेरिकेच्या फेडरल तपास यंत्रणेला हे झोंबले. १९४७ च्या एका टिपणात या चित्रपटावर, बँकवाल्यांना खलनायक रंगविणे ही कम्युनिस्टांची नेहमीची युक्ती आहे, असा ठपका आहे. गंमत अशी की ज्या चित्रपटाकडे सरकारी हेर संशयाने पाहत होते तो घरोघर पोचला तो बाजारपेठेच्या कर्तबगारीमुळे नव्हे. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले. दूरचित्रवाणी केंद्रांना तो फारसा खर्च न करता दाखविता येऊ लागला, आणि दर नाताळला दाखवून दाखवून तो लोकांचा झाला. मालकी सैल पडल्यावर वस्तू लोकांची होते, याचे इतके निरुपद्रवी उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

परंतु या गोड चित्रपटातही एक कडू बी राहून गेले आहे. संस्थेचे आठ हजार डॉलर गहाळ होतात. ते पॉटरच्या हाती लागतात आणि तो ते गुपचूप दडपतो. बेली जीव द्यावयास निघतो, त्यातून वाचतो, आणि शेवटी सारा गाव नाताळच्या रात्री त्याच्या घरी येऊन टेबलावर नोटांचा ढीग ओततो. गाणी होतात, डोळे पाणावतात, चित्रपट संपतो. पॉटरला मात्र कोणी जाब विचारीत नाही. आठ हजार डॉलर त्याच्याकडेच राहतात. श्रीमंताच्या चोरीची भरपाई गरिबांनी वर्गणी काढून केली, असाच त्या शेवटाचा हिशेब होतो. महाराष्ट्रात ज्यांच्या ठेवी बुडीत पतसंस्थांत अडकल्या, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. त्या ठेवीदाराच्या घरी नाताळच्या रात्री गाव चालून येत नाही, आणि आले तरी आणणार काय? तेही त्याच संस्थेचे ठेवीदार.

कोल्हापूरला हा विषय हॉलिवूडकडून शिकण्याची गरज नव्हती. काप्राच्या एकवीस वर्षे आधी, १९२५ साली, याच शहरात बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ काढला होता. हरि नारायण आपटे यांच्या कथेवरील त्या मूकपटात व्ही. शांताराम तरुण शेतकरी झाले होते. कर्जाच्या कागदात अडकलेल्या शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात गिरणीचा मजूर होतो. तेथे गाव धावून येत नाही, टेबलावर नोटा पडत नाहीत. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याला तेव्हा फारसा आश्रय दिला नाही, आणि आज त्या मूकपटाची प्रतही उपलब्ध नाही. चार वर्षांनी ‘प्रभात’ कंपनीही कोल्हापुरातच जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. एवढा वारसा असलेल्या शहरातील मुलांना नाताळच्या रात्री पॉटर कोण हे ठाऊक असते, ‘सावकारी पाश’ मात्र नसतो. हा दोष मुलांचा नव्हे.

आणखी एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, साने गुरुजींची जयंती असते. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा १९५३ चा चित्रपट राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. तो या आठवड्यात घरी लावण्याइतका समयोचित चित्रपट दुसरा नाही. लोक त्याला मातृप्रेमाची गोष्ट म्हणून ओळखतात आणि ते खरेच आहे. पण त्या गोष्टीच्या मुळाशीही सावकाराचे कर्ज आहे. दारात येऊन अपमान करणारा वसुलीचा माणूस आहे आणि खचत गेलेले घर आहे. तो पाहून रात्री बरे वाटत नाही, हे मान्य. पण घरातील सारी माणसे एकत्र बसलेली असताना, एखादी रात्र तशी गेली तरी चालेल.

कारण हे सारे चालू असते त्याच रात्री, शहराबाहेर पडताच, जिल्ह्याच्या फडांत ऊसतोड चालू असते. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि इतर कोरडवाहू तालुक्यांतून निघालेल्या टोळ्या डिसेंबरअखेर ऐन हंगामात असतात. तेथेही माणसे कुटुंबानेच येतात. किंबहुना त्यांची मोजणीच तशी होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते. ‘सावकारी पाश’मधील शेतकऱ्याला आपल्या जमिनीवरून उठून गिरणीत जावे लागले होते. येथे गिरणीच्या जागी साखर कारखाना आला आणि गहाणखताच्या जागी उचल आली. पोरे शाळा सोडून फडावर असतात, नाही तर आजीपाशी गावी असतात. नाताळची सुट्टी असा शब्दच त्या पंचांगात नाही, आणि कोल्हापूरच्या घरांत त्या रात्री जो गोडधोडाचा फराळ फिरतो त्यातील साखर याच हातांनी तोडलेल्या उसाची असते.

खोपीतही आता मोबाइल पोचला आहे. दिवसभर तोडून, मोळ्या बांधून, चूल पेटवून भाकरी झाल्या की त्या चार इंची पडद्याभोवती तिथलेही कुटुंब जमते. तेथेही ‘बनवाबनवी’ लागतो, आणि राहायला जागा मिळावी म्हणून चाललेली ती धडपड पाचटाच्या छपराखाली तितक्याच मोकळेपणाने हसून पाहिली जाते. मध्येच ट्रॅक्टर फडात आल्याची हाक येते, आणि चित्रपट अर्धा टाकून माणसे मोळ्या भरण्यासाठी उठतात.