ओढून काढू नका, सोडवायला शिका!

दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर गावोगावचा समाज लोटतो. १९३५ साली याच दिवशी बाबासाहेबांनी येथे धर्मांतराची घोषणा केली. आपली माणसे येतात ती टेम्पोत, पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून. मनमाड-नगर आणि नाशिक-वैजापूर हे वर्दळीचे रस्ते येवल्यातच एकमेकांना छेदतात. रात्री परतताना गाडी उलटली, माणसे पत्र्यात अडकली, तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ही भीती हवेतली नाही. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री शेजारच्या वैजापूर तालुक्यात समृद्धी महामार्गावर नाशिककडे परतणारी भाविकांची टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळली. १२ जण मेले. राष्ट्रीय आपत्ती दलाची तुकडी पुण्याजवळ, राज्याची धुळ्यात. त्या पोहोचेपर्यंत जे करायचे ते रस्त्यावरची माणसेच करतात.

आणि ती काय करतात? हातपाय धरून ओढतात! त्यात माया असते, पण मणक्याला मार लागलेला माणूस त्या ओढाताणीत कायमचा पांगळा होऊ शकतो. गाडीने पेट घेतला तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचे नाही. रक्त भळभळत असेल तर कापडाने घट्ट दाबून धरणे हेही कोणीही, ताबडतोब करावे. पण ज्याचा पाय तासन्‌तास तुळईखाली चेंगरला आहे, त्याचे काय? तुळई उचलताच चेंगरलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि विषारी द्रव्ये एकदम रक्तात उतरतात. हृदय बंद पडते, मूत्रपिंडे निकामी होतात. आत्तापर्यंत बोलत असलेला माणूस सुटका होताच जातो. म्हणून शक्य तेथे उचलण्याआधीच सलाईन लावायचे असते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हापासून डॉक्टरांना हे माहीत आहे. आपल्या वस्तीपर्यंत ते कोणी पोहोचवायचे?

महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. तरीही चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत निघाला. ढिगारा कसा हलवायचा हे जाणणारे हात तेथे होते.

गटारातले मरण तर आपल्या ओळखीचेच. एक गुदमरला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोन प्रेते वर येतात. मरणारे कोणत्या समाजाचे, हे सांगायला नको. सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी उतरवले जातेच. श्वसनाच्या साधनाशिवाय त्याच्यामागे कोणीही उतरायचे नाही, हा पहिला धडा.

पोलीस आपल्यालाच अडकवतील, ही भीतीही खोटी नाही. आपल्या लोकांना तिचा अनुभव आहे. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

केंद्राची 'आपदा मित्र' नावाची स्वयंसेवक प्रशिक्षणाची योजना आहे. त्या धर्तीवर येवल्यात वर्ग भरवावा, समता सैनिक दलाच्या तरुण-तरुणींना त्यात घ्यावे आणि पत्रा कापण्याचे यंत्र, स्ट्रेचर, मानेचे पट्टे १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीजवळ तयार ठेवावेत, अशी निवेदने कार्यकर्त्यांनी तहसीलदारांना आतापासूनच द्यावीत. मंडप आणि ध्वनिक्षेपकाच्या बैठका होतातच, त्याच बैठकीत हा विषयही घ्यावा.