दहा नंबर कुणाला द्यायचा?

२९ एप्रिल १९३३. वेम्बलीवर एफए कपची फायनल. एव्हर्टन आणि मँचेस्टर सिटी, दोघांचाही रंग निळा. म्हणून त्या दिवशी एव्हर्टन पांढऱ्या जर्सीत उतरलं आणि सिटी लाल. या फायनलमध्ये पहिल्यांदाच खेळाडूंच्या पाठीवर आकडे होते. एव्हर्टनला १ ते ११, सिटीला १२ ते २२. त्यामुळे एका बाजूचा गोलकीपर १ नंबरचा, तर समोरचा थेट २२! एव्हर्टनचा कप्तान डिक्सी डीन ९ नंबर घालून खेळला, त्याने गोलही केला आणि एव्हर्टनने सामना ३-० असा खिशात घातला.

तो ९ काही डीनच्या मालकीचा नव्हता. ९ म्हणजे सेंटर फॉरवर्ड. डीन जायबंदी झाला, तर त्याच्या जागी येईल तो ९. अमेरिकेत न्यूयॉर्क यांकीजनी १९२९मध्ये बेसबॉलच्या जर्सीवर आकडे टाकले तेही फलंदाजीच्या क्रमाने. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, त्याच्यामागून लू गेहरिग म्हणून ४. मैदानावर कोण कोण आहे ते लांबच्या प्रेक्षकाला कळावं, एवढाच हिशोब.

१९३९मध्ये गेहरिगला असाध्य आजाराने गाठलं आणि क्लबने त्याचा ४ नंबर कायमचा निवृत्त केला. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. आकडा जागेचा होता, तो माणसाचा झाला.

गेहरिगचं मी समजू शकतो. खेळताना चेंडू लागून गेलेल्या फिल ह्यूजचा ६४ ऑस्ट्रेलियाने बाजूला ठेवला, तेही. पण भरभरून खेळून, मानाने निवृत्त झालेल्यांचे आकडे कुलपात का घालायचे? अर्जेंटिनाने मॅराडोनाच्या १० नंबरबाबत हाच हट्ट धरला होता. २००२च्या विश्वचषकासाठी त्यांनी १० वगळून २४ पर्यंतची यादी पाठवली. फिफा बधली नाही, १ ते २३ आकडे वापरावेच लागतील म्हणाली. १० गेला एरिएल ओर्तेगाकडे आणि पुढे मेस्सीकडे. फिफाने तेव्हा मान डोलावली असती, तर २०२२ साली कतारमध्ये विश्वचषक उंचावणाऱ्या मेस्सीच्या पाठीवर तो १० नसता. ब्राझीलने तर पेलेचा १० कधी अडवलाच नाही. झिको, रिवाल्डो, रोनाल्डिन्यो, नेमार, सगळ्यांनी तो घातला. पेले त्याने तसूभरही लहान झाला नाही.

आपल्याकडे काय झालं? ऑगस्ट २०१७, कोलंबो. पालघरचा शार्दूल ठाकूर पहिली वनडे खेळायला उतरला तो १० नंबर घालून. १० हा सचिनचा नंबर; त्याला निवृत्त होऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. पण लोक समाजमाध्यमांवर शार्दूलवर असे तुटून पडले, जणू त्याने देव्हाऱ्यातली मूर्तीच उचलली. पालघरहून लोकलने धक्के खात मुंबईला खेळायला येणारा हा पोरगा. त्याच्या आयुष्यातल्या पहिल्या वनडेची चर्चा त्याच्या गोलंदाजीवर व्हायची, ती जर्सीवर झाली. पुढे तो ५४ घालून खेळू लागला. मला याचा आजही राग येतो. खुद्द सचिन काही काळ ९९ आणि ३३ घालून खेळला आहे; त्याची ओळख एका आकड्यावर कधी अडली नव्हती.

उद्या विरारच्या, सांगलीच्या, कुठल्याही मैदानातून वर आलेल्या पोराने सचिनसाठी म्हणून १० मागितला, तर क्रिकेट बोर्डाने तो आनंदाने द्यावा. आणि प्रेक्षकांनी त्याला निदान पहिली ओव्हर तरी सुखाने टाकू द्यावी.