सामन्याची वेळ आणि कामाची पाळी

कबड्डीचे प्रशिक्षक, पंच आणि स्पर्धा भरवणारी मंडळं, सगळ्यांना या महिन्यात एकच विनंती आहे: वेळापत्रक करताना खेळाडूची पाळी बघा.

सुरतच्या डिंडोली, पांडेसरा, लिंबायत या पट्ट्यात खानदेशातून आलेली असंख्य घरं आहेत. लूमच्या (यंत्रमागांच्या) बऱ्याच कारखान्यांत आजही 12 तासांची पाळी चालते, मजुरी मीटरवर मिळते. रात्रपाळी संपवून सकाळी थेट मैदानावर आलेल्या पोराच्या कानात मागांचा खडखडाट घुमत असतो. पंचाची शिट्टी त्याला पटकन ऐकू येत नाही. तो चढाईला उशिरा उठतो आणि आपण त्याला आळशी ठरवतो. दोन सराव चुकले की नाव कापतो. हा सरळसरळ अन्याय आहे.

कामगाराला सुट्टी मिळाली तेव्हाच त्याचा खेळ वाढला. आयर्लंडमध्ये अनेक शर्यतींत मजूर-कारागिरांना प्रवेशच नसे. 1884 साली थर्ल्स गावात मायकेल क्युसॅक आणि सहकाऱ्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन काढली, मजुरांना दार उघडलं आणि सामने रविवारी ठेवले, कारण त्यांना मोकळा दिवस तोच. ते खेळ लोकांचे झाले.

त्याच 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. 10 जून 1890 रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या झगड्यातून. पुढे 1946 साली कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला, 1948 च्या कायद्यानं तो कायम केला. 1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. गिरणगावातल्या हुतूतूला पटांगणाइतकीच मोकळ्या संध्याकाळची गरज होती, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या पोरांना ती संध्याकाळ अजून मिळालेली नाही. कायद्याचे तास पाळले जावेत, हे खेळवाल्यांनीही बोललं पाहिजे. तोवर निदान सराव दोन वेळांना ठेवा: रात्रपाळीवाल्यांचा झोप झाल्यावर दुपारी, दिवसपाळीवाल्यांचा रात्री. रात्रभर उभं राहिलेल्या पायांना सकाळी सामन्यात उतरवू नका. गुडघा गेला तर मजुरीही जाते. प्रवेशपत्रिकेत वजनाशेजारी पाळीचा रकाना ठेवा आणि तो भरून आल्याशिवाय सामन्यांच्या वेळा छापू नका.